पट्टी

पहाटे साडेपाचला बावारोचा किनारा
अजून कुणाचाच नसतो.
खुर्च्या एकावर एक रचून साखळीने बांधलेल्या,
बार झाकलेला, स्पीकर मुका,
आणि रात्रभर समुद्राने आणून टाकलेलं
तपकिरी सार्गासो,
गुडघाभर, नासक्या अंड्याच्या वासाचं,
माहितीपत्रकातल्या एकाही फोटोत नसलेलं.

सात माणसं ते दाताळ्यांनी ओढत होती.
पाहुणे उठायच्या आत समुद्र
फोटोसारखा करून ठेवायचा,
एवढंच काम.

मला झोप नव्हती. नवऱ्याच्या कंपनीचं संमेलन,
खोली तीन हजार एकशे चौदा,
एसीत गारठलेली उशी.
नसती उठाठेव म्हणून मूठभर शेवाळ उचललं,
आत इवलाले झिंगे टणाटण उडत होते
आणि न दिसणारं आणखी काहीतरी, डसणारं.

दहा मिनिटांत मनगट टम्म.
निळी प्लास्टिकची पट्टी,
आल्या आल्या काउंटरवर घालतात ती,
जिच्या जोरावर शहाळ्यापासून रमपर्यंत सगळं फुकट,
मांसात रुतायला लागली.

बदामाच्या झाडाखाली नेरेइदा
मण्यांचा डबा उघडत होती.
पाहुण्या पोरींच्या बारीक वेण्या घालते ती,
वेणीमागे पैसे, मणी वेगळे.
तिने माझा हात पाहिला.
काही विचारलं नाही, कात्री घातली.
कट्.
वर फुंकर मारली, भाजलेल्यावर मारतात तशी.
हायसं वाटलं.
मग लक्षात आलं काय कापलं ते.

फाटकावरच्या रखवालदाराच्या छातीवर नाव: बिएनवेनिदो.
म्हणजे स्वागत.
मी हसले. तो हसला नाही,
हा विनोद त्याने जन्मभर ऐकलाय.
पट्टीशिवाय आत नाही.
खोलीचा नंबर सांगितला, नवऱ्याचं नाव सांगितलं,
पट्टीचे दोन तुकडे जोडून दाखवले.
तुकडे कुणीही उचलून आणेल, बाई.
यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.
मॅनेजर आठला येतो, तोवर सावलीत बसा.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, म्हणतात आमच्याकडे.
माझ्या हाती तोही उरला नव्हता.

मग बसले बदामाखाली.
नेरेइदाच्या मुलीने यानिकेके आणले,
तळलेले, पातळ, खपटी कागदाला तेल सोडणारे.
पैसे खोलीत होते. ती म्हणाली, खा.
माझ्याकडे स्पॅनिशचे तीसेक शब्द,
त्यातले दहा फळांचे.
तेवढ्यात तिने अकरा वर्षं सांगितली
आणि शेवटी विचारलं,
आतल्या तलावाच्या तळाशी डॉल्फिन काढलाय, खरं का?
कासव आहे, मी म्हणाले.
एका डोळ्याची फरशी निघालीय.
ती इतकी हसली की मणी सांडले.
दोघी वाळूतून वेचत बसलो,
लाल तिच्या डब्यात, हिरवे माझ्या ओंजळीत.

मधेच रस्त्यावर ट्रक थांबल्याचा आवाज.
सातांतले पाच जण दिसेनासे झाले.
दाताळी वाळूत उभी.
द्यूसेल नावाचा पोरगा, हैतीचा,
आमच्याजवळ येऊन मणी वेचायला लागला,
खाली मान घालून, भराभरा,
आमचाच कुणी असल्यासारखा.
नेरेइदाने एक शब्द काढला नाही.
डबा फक्त थोडा त्याच्याकडे सरकवला.
बर्फाचा ट्रक होता.
तरी बराच वेळ त्याचे हात थांबेनात.

आठ वाजून दहा मिनिटांनी मॅनेजर आला,
माफी मागितली, रस पाजला,
डाव्या मनगटावर नवी पट्टी, जरा सैलसर.
बिएनवेनिदोने दार धरलं.
या, बाई, म्हणाला.

दुपारी पुन्हा किनाऱ्यावर गेले.
शेवाळाचा मागमूस नाही, खुर्च्या उलगडलेल्या,
पाणी अगदी माहितीपत्रकातलं.
नेरेइदा एका मुलीची बावीसावी वेणी घालत होती.
मी हात केला. तिने ओळख दाखवली नाही.
पाहुण्यांना हाक मारायची नाही, असा नियम आहे म्हणे.
फक्त वेणी न सोडता
दुसऱ्या हाताने कात्री उचलली
आणि हवेत दोनदा
उघडली, मिटली.