दोनशे सतरावी नोंद

मे महिन्यात नागपुरात थंडी फक्त भुतांना मिळते.
सीताबर्डीच्या मागल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
वीस अंशांच्या खोलीत ती झोपून असतात
पातळ कागदात, एकावर एक, सपाट:
कबरीतून निघणारे हात,
काचेच्या टोपातले शास्त्रज्ञ,
समुद्रातून आलेलं काहीतरी, ज्याचं बारसं करायला
सी.पी.-बेरारच्या वितरकाकडे पैसे उरले नव्हते.

बाहेर सेहेचाळीस.
पहारेकरी बोपचे रोज दुपारी विचारतो,
"मॅडम, आत काही उचलायचं आहे काय?"
आणि आत येऊन उभा राहतो
काहीच न उचलता.

माझं काम नोंदीचं.
रजिस्टरात रकाने सहा: क्रमांक, वर्ष, माप,
माध्यम, वर्णन, स्थिती.
दोनशे सोळापर्यंत हात सरसर चालला,
मग अडला.

चित्रपट परदेशी. रिळं आली,
पोस्टरांची पेटी भुसावळला चुकली,
आणि शुक्रवार तर तोंडावर.
मॅनेजरनं गोळीबार चौकातल्या सुखदेव परात्याला बोलावलं,
चहा संपेपर्यंत जेवढी सांगता येते
तेवढी कथा सांगितली:
आकाशातून जहाज येतं.
त्यातून एक जण उतरतो.
बाई किंचाळते.

परात्यानं जहाज कधी पाहिलं नव्हतं.
विमान पाहिलं होतं सोनेगावावर, तेही खालून.
त्याचं यान लाकडी आहे,
दोन्ही टोकांना निमुळतं, मधे पोकळ,
पोटात एक कांडी.
मी लिहिलं: यान, घाट अनोळखी.
पेन्सिलीनं लिहिलं, नशीब.

गेल्या मंगळवारी एक गृहस्थ जिना चढून आले,
सत्तरीचे, डोक्याला ओला दुपट्टा.
बसताना खिशातला कांदा काढून टेबलावर ठेवला.
"यादव पराते. आमच्या बुवाचं चित्र इथं हाय म्हणते."

मी कागद बाजूला केला.
ते यानाकडे बराच वेळ पाहत राहिले, मग हसले.
"धोटा हाय हा, बाई. मागाचा धोटा.
दिवसभर हातात तोच तर राहे."

तेव्हा कुठे मला दिसलं
आभाळ सगळं उभ्या ताण्याचं,
चांदण्या म्हणजे तुटलं सूत जोडलेल्या गाठी,
आणि तो परका, ग्रहांमधून
आडवा धागा टाकत टाकत
इतवारीपर्यंत आलेला.

"आणि ही किंचाळणारी?"
"माही माय."

"अंगणात उभी केली तिले भर दुपारी. वरड म्हणे.
तिले जमेच ना, हासू ये.
तिसऱ्या खेपेले अशी वरडली
का अख्खी गल्ली काठ्या घेऊन आली.
बुवा लपला मागाच्या खड्ड्यात."

सिनेमा पाहिला का त्यांनी?
"नाई ना. बाल्कनीचा भाव आईकला अन् घरी आली.
भुताचं भेव नव्हतं तिले. चार आण्याचं होतं."

कागदाची जुनी घडी नेमकी तिच्या तोंडातून जाते.
तिथे चीर आहे, बोटभर.
दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी पुण्याहून विचारलंय:
भरायची की ठेवायची?
मी तेच त्यांना विचारलं.
ते काही बोलणार, तेवढ्यात
लाईन गेली.

भिंतीवरचा काटा: वीस. एकवीस. साडेबावीस.
बोपचे जनरेटरकडे पळाला.
आम्ही दोघांनी फायलींचे पुठ्ठे घेतले
आणि अंधारात, अंदाजानं,
यादवरावांच्या आईला वारा घालत राहिलो.
ती किंचाळतच होती,
पण जरा दमल्यासारखी.

ते गेल्यावर मी खोडरबर फिरवलं.
वर्णन: धोटा.
स्थिती: घामेजलेली.
हे खोडून: बरी.

टेबलावर त्यांचा कांदा राहून गेलाय.
त्याला अजून क्रमांक दिलेला नाही.