वीस आकडे

अकरा वर्षं ती शेडमध्ये उभी होती,
तोंड समुद्राकडे, पाठ चढाला.
ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची
आणि मी रोज सकाळी दार उघडायचे
ते फक्त अंड्यांसाठी.

रोरीची गाडी. सत्त्याहत्तर सालची, डिझेलची लँड रोव्हर.
तो ॲबरडीनला गेला, तेलाच्या विहिरींवर.
जाताना म्हणाला, "कुणी विचारलं तर विकून टाक."
कुणी विचारलं नाही.
मीही कुणाला सांगितलं नाही.

मग मार्चमध्ये आमच्या टोकाची बस बंद झाली.
लुईस बेटाच्या या कडेला चार घरं,
चार घरांसाठी बस कोण पाठवतं?
दुकान सात मैल, शाळा नऊ,
इशबेल पाच वर्षांची.

टॉर्मोद आला, हातात टॉर्च, तोंडात बिस्किट.
गाडीखाली आडवा झाला आणि बराच वेळ बोललाच नाही,
नुसती हातोडीची टकटक,
डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून ऐकतात तशी.
"अंग ॲल्युमिनियमचं," खालून आवाज आला,
"त्याला काही होत नाही. कणा मात्र लोखंडाचा.
इथला वारा खारट, आतून खातो.
वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही."
मी विचारलं, "माणसांचं सांगतोयस का?"
"चासीचं," तो म्हणाला.
टॉर्मोदला विनोद कळत नाहीत.

एप्रिलभर ठिणग्या.
टाकीतलं डिझेल काळं, शेवाळ धरलेलं,
बादलीत ओतलं तर काढ्यासारखं पडलं.
क्लच फ्लायव्हीलला असा चिकटलेला,
भांडायचाही कंटाळा आलेल्या जोडप्यासारखा.
ब्रेकचे सिलिंडर बोटीनं यायचे होते.
वाऱ्यामुळे बोट आली नाही.
पुढच्या मंगळवारी आली,
खोक्यात दुसऱ्याच गाडीचे सिलिंडर.
त्या दिवशी मी शेडमध्ये जाऊन
काहीही न करता बसून राहिले,
मांडीवर कोंबडी.

डिझेलला ठिणगी लागत नाही हे मला माहीत नव्हतं.
त्याला लागतो दाब, आणि सुरुवातीला थोडी ऊब.
नळीत हवेचा बुडबुडा नको, एक जरी राहिला
तरी घोडं तिथंच पेंड खातं.
टॉर्मोदनं पंपाची दांडी माझ्या हातात दिली.
"हापस. फेस थांबेपर्यंत हापस."
मी हापसत राहिले.
स्क्रूच्या फटीतून फेस, पुन्हा फेस,
मग कुणी थुंकावं तसा एक फवारा,
आणि मग अखंड, मधाच्या रंगाची धार
माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत.

चावी अर्धी फिरवायची आणि वीस मोजायचे.
मोजायचं काम इशबेलनं मागून घेतलं.
अठरापर्यंत नीट, मग एकदम वीस.
एक उचकी. दुसरी.
काही नाही.
पुन्हा अठरा, पुन्हा वीस,
आणि शेड पांढऱ्या धुरानं इतकी भरली
की टॉर्मोद कुठे आहे ते
त्याच्या खोकल्यावरून कळलं.

रात्री रोरीला फोन लावला
आणि न बोलता इंजिनाजवळ धरला.
पलीकडे तोही गप्प.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"टॅपेट सैल आहे. दुसऱ्या नंबरचा."
दुसऱ्या नंबरचाच होता.

आता रोज. यात सांगण्यासारखं काही नाही.
डावं दार निळ्या दोरीनं बांधलेलं,
पाऊस असला की छतातून एक थेंब
नेमका माझ्या उजव्या गुडघ्यावर.
मागे पीटची पोती, मॅगी-ॲनचा गॅस,
पलीकडच्या घरातली दोन पोरं आणि त्यांची भांडणं.
चढावर ती दमेकऱ्यासारखी हळू होते,
मेंढ्या मागे वळून बघतात, बाजूला मात्र होत नाहीत.
कोंबडी आता बादलीत अंडी घालते
आणि माझ्याकडे बघत नाही.

सकाळी अंधारात आम्ही दोघी बसतो,
श्वासांनी काच धुरकटते,
चावी अर्धी फिरते, इशबेल मोजू लागते.
एकोणीस अजून तिला येत नाही.
मी शिकवत नाही.