येण्याचे कारण

पालच्या पुढे, डांबर जिथे मुरुमाला शरण जातं,
तिथे आठ खाटांचं निसर्गघर.
कुडाच्या भिंती, त्यांवर शेणामातीचा लेप,
लेपात जैतूनबाईच्या चार बोटांचे फराटे.
वीज उन्हावरची, रात्री साडेआठपर्यंत इमानदार.
नळ नाही. रांजण आहे.
संडास चाळीस पावलं लांब,
आणि ती चाळीस पावलं अंजनाच्या झाडांखालून.

सुभान तडवीने रजिस्टर पुढे सरकवलं.
नाव, गाव, वय, सोबत किती.
शेवटचा रकाना, येण्याचे कारण.
माझ्या आधीच्यांनी लिहिलं होतं:
वाघ.
वाघ.
फुलपाखरे.
हवापालट, डॉक्टरच्या सांगण्यावरून.
वाघ, पण दिसला नाही.
एकाने नुसतं टिंब दिलेलं, दाबून, पान फुटेस्तोवर.

मी पेन उघडून बसलो.
काय लिहायचं?
की जळगावात मी एक्स-रे काढतो,
अठरा वर्षं, दिवसाला साठ वेळा म्हणतो
श्वास घ्या, धरा, सोडा,
आणि गेल्या महिन्यात एका बाईला
सोडा म्हणायचं विसरलो?
फोन वाजला होता, एवढंच.
काचेपलीकडे ती उभी राहिली, हनुवटी वर, खांदे पुढे,
सांगितल्याबरहुकूम.
मग तिचा तिनेच सोडला
आणि माफी मागितली माझी.

रकाना मोकळा ठेवला.
सुभानने पाहिलं, काही बोलला नाही,
रजिस्टर मिठाच्या बरणीशेजारी ठेवून दिलं.

जेवायला कळण्याची भाकरी, ठेचा, तेलाची धार.
माझा हात आखडता दिसला तशी जैतूनबाई म्हणाली,
"पोटभर खा भाऊ, आठे कोन मोजी राहिनं?"

रात्री मोहाची फुलं पडत होती.
पाऊस नव्हे ते. पाऊस सगळीकडे पडतो.
हे एक पडतं, मग बराच वेळ काही नाही,
मग दोन, अंधाराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत,
जणू कुणी देणं फेडतंय
जमेल तसं.
वास असा की जीभ गोड व्हावी
आणि डोकं थोडं भीतीने भरावं,
कारण अस्वलालाही हाच वास बोलावतो
हे सुभानने जेवताना सांगून ठेवलेलं,
मीठ मागावं इतक्या सहज.

तरी उठलोच.
सतरा पावलांवर टॉर्च विझला, की मी विझवला,
आता शपथेवर सांगता येत नाही.

तिसऱ्या सकाळी वनरक्षक आला, गुमानसिंग बारेला.
झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातलं कार्ड
त्याने ओट्यावर बसून लॅपटॉपला लावलं.
करड्या रंगाचे फोटो, माझ्याच कामासारखे,
आतून उजळलेले डोळे.
उदमांजर. साळिंदर, पाठमोरं.
रानडुकरं आणि त्यांची पट्ट्यापट्ट्यांची पोरं.
मग, तीन वाजून बारा मिनिटं,
लुंगीतला एक माणूस,
हनुवटी वर, खांदे पुढे.
पुढच्या फोटोतही तसाच.
त्याच्या पुढच्यातही.
"चार मिनिटं हालला नाहीत साहेब," गुमानसिंग म्हणाला,
"काय दिसलं होतं?"

काही नाही, म्हणालो.
खरंच काही दिसलं नव्हतं.
तीन एकोणीसला त्याच जागी एक तरस,
मान खाली घालून
माझ्या पावलांचा वास घेत होतं.
मन लावून.
मी कुणाची फिल्म इतकी मन लावून पाहिलेली नाही.

निघताना हिशोब झाला.
तीन रात्री, जेवणं, एक बादली गरम पाणी,
मोहाची भाजलेली फुलं पावशेर, त्यांचे पैसे घेतले नाहीत.
मी रजिस्टर मागितलं.
सुभान शोधू लागला, बरणीमागे, खाटेखाली.
ते जैतूनबाईच्या मांडीवर होतं,
त्यावर ती चारोळ्या निवडत होती.
"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "पाव्हनाले कारन काय इचारनं?"
आणि खराब दाणा उचलून
अंगणात फेकला.

कोंबडी धावली.
सावद्याच्या बसला अजून वीस मिनिटं होती.