परत करायचे नाहीत

आम्ही दहाजण. महिन्याला हजार-हजार काढतो
आणि दहा हजार कुणा एकाला देतो,
ज्याच्या डोक्यात काही शिजत असेल त्याला.
पत्रकावर हे चार ओळींत बसवलं,
शेवटची ओळ दापोलीच्या छापखान्यात
मीच हट्टाने ठळक करून घेतली:
पैसे परत करायचे नाहीत.

तिथेच फसलो.

पाजपंढरीत चोगल्यांच्या हसुरामने ती तीनदा वाचली.
"मग कोण उभा ऱ्हातोय? झेडपीला?"
हर्णैच्या बंदरावर लिलाव भरात,
सुरमईचा भाव पुकारणाऱ्यापुढे
माझं फुकटचं कोण ऐकणार.
एसटी स्टँडवर खळ लावून डकवलेलं
शेळीने सकाळपर्यंत फस्त केलं,
'नाहीत' तेवढं राहिलं भिंतीवर.

पहिल्या महिन्यात अर्ज शून्य.
दुसऱ्यात एक. माझ्या मेव्हण्याचा.
त्याला इन्व्हर्टर हवा होता.

वैतागून उरलेला गठ्ठा
खैरुन्निसाआपाच्या पाटीशेजारी टाकला.
घ्या, बांधायला होईल.
तिने वाचलं नाही. मूठ मूठ सुकट घातली,
सुतळीचा वेढा दिला, गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकली.
पंधरा दिवस आमची संस्था
कुणाकुणाच्या चुलीपाशी उलगडत होती.

मग धोपटवाडीहून पाकीट आलं.
फोडायच्या आधीच खोलीतल्या सगळ्यांना कळलं
ते कुठून फिरून आलंय.
घडीत जवळ्याची एक मिशी,
आणि पत्रकाच्याच पाठीवर, डाग चुकवत चुकवत, निळ्या पेनाने:

"आमच्या खाडीला पूल नाही, होडी आहे.
ती पल्याड असली की हाक मारावी लागते.
माझी धाकटी बहीण तारका बोलत नाही.
ती उभी राहते. कुणी बघेपर्यंत उभी राहते.
परवा भरती लागून ओसरली तरी उभीच होती.
दोन्ही काठांना घंटा टांगायची आहे.
घंटा, साखळी, खांब, मजुरी धरून
तीन हजार सहाशे चाळीस. खांब आमचे मामा उभे करतील,
म्हणजे मजुरीही वजा.
दहा हजार नकोत.
उरलेले कुणाकडे परत द्यायचे ते कळवावे.
कुंदा रेवाळे, नववी."

खजिनदार बर्वे बराच वेळ वही चाळत राहिले.
परत घ्यायचा नियम आम्ही केलेलाच नव्हता.

पुढच्या पत्रकाचा मजकूर अजून ठरायचाय.
ठळक काय करायचं यावर दोन तट पडलेत.
कागदाचं मात्र एकमताने झालं:
गुळगुळीत नको, जाड नको,
पावशेर सुकट नीट बांधता यावी
एवढा.