आधी ऋण

एकोणऐंशीची फोर्ड. कागदपत्रांत रंग निळा.
चुबुतच्या या पठारावर
गाडी गंजत नाही, वारा तिला सोलत नेतो
बटाट्यासारखी, सावकाश.

बॉनेट उघडलं की आधी दांडी लावायची,
मग दांडीला दोरी,
मग बोलायचं.
हे मला ओलिंदा नाउएलकिरने शिकवलं,
कुंपणापलीकडची. तिची शेवरले
माझ्या फोर्डपेक्षा आठ वर्षांनी मोठी
आणि जाळीतल्या दोन दातांनी कमी.

तीन हिवाळे आमच्या दोन गाड्यांत मिळून
एकच बॅटरी होती.
सोमवार ते बुधवार माझी. गुरुवारी सकाळी
हातगाड्यावर मेंढीचं कातडं, कातड्यावर ती,
अशी वरात तारेपाशी निघायची.
ओलिंदा पलीकडून हात पुढे करायची.
अठरा किलो. मधे तार.
अशा वेळी कोणी कोणाचे आभार मानत नाही,
बोटं सांभाळतात.

काढताना आधी ऋण, मग धन.
लावताना आधी धन, ऋण सगळ्यात शेवटी.
उलटं केलंस तर पाना ठिणगी खातो, ती म्हणायची
आणि भुवई दाखवायची, डावी,
जी अर्धीच आहे.

रात्री ती माझ्या स्वयंपाकघरात झोपायची, फळीवर,
शेगडीपासून चार हात लांब. बाहेर उणे सोळा.
सहा झाकणं, सहा घरं.
डिस्टिल्ड पाणी चमच्याने, पट्ट्या बुडतील इतकंच;
काठोकाठ भरलं तर आम्ल उतू जातं.
माझ्या तीन पँटींना गुडघ्यापाशी भोकं आहेत,
ती देवभक्तीमुळे नाहीत.
टर्मिनलांवर पांढरा-हिरवा फुलोरा धरला की
खायचा सोडा, कोमट पाणी, जुना टूथब्रश.
फसफसतं. ते ऐकायला मांजर येऊन बसतं.
वरून व्हॅसलीन,
थोडं टर्मिनलांना, उरलेलं ओठांना.

तिसरं घर आधीपासूनच आजारी होतं.
काचेच्या नळीतलं तरंगतं बोंडूक तिथे आलं की
तळाशी बसायचं, उठायचंच नाही.
मी ओलिंदाला सांगितलं नाही.
तिनेही मला सांगितलं नाही.
तिच्याकडेही तशीच नळी आहे.

ऑगस्टात, माझ्याच दिवशी,
किल्ली फिरवली:
टक.
टक.
मग डॅशबोर्डवरचा लाल दिवा
विचार केल्यासारखा मंद होत गेला.

लोकरीचे पैसे नोव्हेंबरात आले. तोवर
गाडी उतारावर उभी करायची,
सोडून द्यायची, दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडायचा.
परतीच्या वाटेवर उतार लागेल
अशाच ठिकाणी कामं काढायची.

मी बसने एस्केलला गेलो. मेलेली पोत्यात,
पायांपाशी. दुकानदाराने ती तोलली,
शिशाचे पैसे वळते केले, नवी दिली:
काळी, सीलबंद. झाकणंच नाहीत.
पाणी घालायचं नाही, उघडायचं नाही, म्हणाला,
बसवा आणि विसरून जा.

परत आलो तर ओलिंदाच्या बॉनेटखालीही एक,
नवीकोरी, भाच्याने त्रेलेऊहून आणलेली.
दोन्ही गाड्या पहिल्याच फटक्यात सुरू.
तारेच्या दोन्ही बाजूंनी आम्ही माना डोलावल्या,
शेजाऱ्याच्या मुलाचं लग्न ठरलं की डोलावतात तशा.

गुरुवार आला.
गुरुवारी काय करायचं असतं, मला सुचेना.
बॉनेट उघडलं, दांडी, दोरी,
स्वच्छ टर्मिनलं पुन्हा पुसली.

ती तारेपाशी आली. हातात माझा दहाचा पाना,
पहिल्या हिवाळ्यापासून तिच्याकडेच राहिलेला.
"तुझा," म्हणाली.
वारा इतका होता की ऐकू न येणं
शक्य होतं.
"काय?" मी म्हणालो.
ती पुन्हा म्हणाली.
मी पुन्हा म्हणालो, काय?

पाना अजून तिच्याकडेच आहे.