पोटात ठेवलेलं

डावा कान गेला तेव्हा मी कुणाला बोललो नाही.
चाळीस वर्षं लग्नाच्या वरातींत
कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून वाजवलं,
एवढा वाटा तो घेणारच होता.
उजवा जायला लागला तेव्हा मात्र
मोहम्मद अली रस्त्यावरचा जिना चढताना
माझ्याच चपला मला ऐकू येईनात.

इनशिराह तिसऱ्या मजल्यावर शिकवते.
खाली ऊद दुरुस्त करणारा एकच उरलाय,
बाकी सगळे सोनेरी पायांचे सोफे.
वर एक खोली, तडा गेलेला आरसा,
शुब्राच्या दोघी बहिणी, घरी शिवणाचा क्लास सांगून आलेल्या,
एक जपानी बाई, वहीत प्रत्येक झटक्याचं चित्र काढणारी,
आणि औषधाच्या दुकानातली शहीरा,
दहा तास उभी राहून पुन्हा उभी राहायला येणारी.

"कंबर खांद्याची परवानगी मागत नाही," इनशिराह म्हणते.
"वर पाण्यानं भरलेली परात आहे समजा,
आणि खाली शेजारणीशी भांडण."
मग नाण्यांची ओढणी बांधते.
डावीकडची नाणी कधीच गळून गेलीत,
म्हणून उजवा झटका किणकिणतो, डावा मुका.
हे मी आता आठवणीनं सांगतोय.

"तबल्याच्या मागे चला!" ती मुलींवर ओरडते.
दुम तक, तक दुम, तक.
"तो सांगेल तेवढंच. स्वतःची अक्कल नको."
आणि मी तो मातीचा, एकतोंडी,
माशाचं कातडं ताणलेला तबला मांडीवर घेऊन
तिच्या कमरेच्या हाडावर नजर लावून बसलेला,
मांजर बिळावर लावतं तशी.
हाड पडलं की दुम.
उचललं की तक.

तिला कळलं ते असं:
एकदा ती मध्येच थांबली, मुद्दाम,
आणि माझे हात थांबले.
मुली हसल्या. ती नाही.
चहा घेऊन उजव्या अंगाला येऊन बसली,
साखर नेहमीपेक्षा जास्त.
त्या दिवसापासून ती आरशाकडे पाठ करून
माझ्याकडे तोंड करून नाचायची.
मुलींना वाटलं, जुनी पद्धत असेल.

तिनं ते पोटात ठेवलं.
त्याच पोटात,
जे वीस वर्षं नाईलवरच्या बोटींत,
कंत्राटदारांच्या पोरांच्या लग्नांत
अख्ख्या शहरानं डोळे फाडून पाहिलं
आणि कुणाला एक अक्षर वाचता आलं नाही.
तिच्या भावानं त्या पोटाचे पैसे घेतले,
घर बांधलं, गच्चीवर कबुतरं पाळली.
तिच्या हातचा चहा मात्र घेतला नाही.

या हिवाळ्यात तिचं खुब्याचं हाड झिजलं.
आता ती खुर्चीत, हातात सईदी नाचाची काठी,
आणि माझ्यासमोर शहीरा.
शहीरा अर्धी मात्रा उशिरा येते.
मीही अर्धी मात्रा उशिरा.
काठी आपटते, फरशी माझ्या तळव्यांत बोलते.
"कोण चुकतंय, अम्म सब्री? मी की तुम्ही?"
ओठांवरून कळलं.
उत्तर इनशिराहनं दिलं: "तू. पण बरी चुकतेस. पुन्हा."

काल नुसत्या तबल्यावरचा तुकडा होता.
ना ऊद, ना कानून, ना कॅसेट.
शहीरानं डोळे मिटले
आणि माझ्या ठोक्याची वाट पाहत उभी राहिली.
मी तिच्या हाडाची वाट पाहत बसलेला.
काठी हलेना.
किती वेळ गेला, देव जाणे.
आरशातल्या त्या सगळ्या मुली,
जपानी बाईची पेन्सिल अधांतरी.

मग तिच्या बेंबीखाली काहीतरी हललं.
हालचाल नव्हती ती,
पेल्यातल्या पाण्याला
रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकची बातमी लागते, तेवढंच.
इतकी वर्षं मी हाडच बघत आलो.
त्याच्या आधी हे असतं,
कुणी सांगितलंच नव्हतं.

दुम.

खुर्चीकडे पाहिलं तर इनशिराह
खिडकीबाहेर सोफे चढवणाऱ्या पोरांकडे बघत
माझा चहा पीत होती.