स्लीव्ह

सोमवार ते गुरुवार मी वासणा रोडवर,
सहा मजल्यांच्या एका अर्ध्या हॉस्पिटलात.
शुक्रवार-शनिवार कॉलेजात, तिसऱ्या बाकावर,
केसांत सिमेंट तसंच.
डिग्री चार वर्षांनी. तोवर महिन्याला अकरा हजार,
पिवळं हेल्मेट, आणि बूट, जे फक्त पुरुषांच्या मापात येतात.
आत मोज्यांचे दोन जोड घालते.

आई विचारते, तू नेमकं बांधतेस काय?
भिंत गवंड्याची, स्लॅब शटरिंगवाल्यांचा,
नकाशा आर्किटेक्टचा.
मी म्हणते, भिंतीच्या आतलं.
म्हणजे दिसणार नाही ते?
हो.
दांडिया बाजारात ती सगळ्यांना सांगते,
मुलगी एसीचं शिकते.
चालेल.

ईश्वरभाई पंचाल, फिटर. चौतीस वर्षं पाइपांत गेली.
पाइपावर अंगठा ठेवतात, डोळे मिटतात,
आणि उतार सांगतात: साठात एक.
मी मागून लेव्हल लावते.
बुडबुडा त्यांचंच ऐकतो.
कॉलेजात शिकलेला रेनॉल्ड्सचा आकडा
मी एकदा त्यांना ऐटीत समजावून दिला.
सगळं ऐकून घेतलं त्यांनी.
"पाणी चोपडी नथी वांचतुं, बेन,"
म्हणाले, आणि अर्धी बशी चहा माझ्याकडे सरकवला.

मे महिन्यात चौथा स्लॅब.
माल ओतायच्या आधी स्लीव्ह मोजायच्या,
पाइप जायला ठेवलेल्या जागा.
मोजणी माझी, सही माझी.
छत्तीस हव्या होत्या. मी छत्तीस मोजल्या.
एक दोनदा मोजली होती.

हे कळलं अकरा दिवसांनी,
जेव्हा बाथरूमचा पाइप खालून वर आला
आणि त्याचं डोकं काँक्रीटला लागलं.

घोरपडे साहेब ओरडले नाहीत.
ड्रॉइंग उलगडलं, माझ्या सहीवर बोट ठेवलं,
आणि फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलत राहिले.
बोट तिथेच.

गोध्र्याहून इलियास आला, कोर कापायचं मशीन घेऊन.
आधी तासभर सळ्यांचा माग काढला, खडूने रेघा मारल्या,
मग हिऱ्याचे दात लावले.
अख्खी इमारत दातांच्या डॉक्टरसमोर
जबडा उघडून बसल्यासारखा आवाज.
राखाडी चिखल जिन्यावरून पायरी पायरी खाली.
मी डबड्याने पाणी घालत होते.
घाल असं कुणी म्हटलं नव्हतं.

निघाला तो तुकडा, गोल, सहा इंची,
दोन्ही हातांनी उचलावा लागला.
ऊन होता अजून.
कापलेली खडी, निळी, काळी, एखादी तांबूस,
घासून चकचकीत केल्यासारखी.
आपली चूक आतून इतकी देखणी असेल
असं वाटलं नव्हतं.
ईश्वरभाईंनी कानामागची पेन्सिल काढली
आणि त्यावर लिहिलं: ३६.

तो आता माझ्या टेबलावर असतो. नोट्स उडत नाहीत.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं,
सर्व्हिसेसचं कोऑर्डिनेशन म्हणजे काय?
व्याख्या पाठ होती, चार ओळींची.
मी म्हटलं, ओतायच्या आधी मोजणं,
आणि मग दुसऱ्याला मोजायला लावणं.
दहापैकी सहा मिळाले.
व्याख्येला आठ होते, असं झुबेर म्हणतो.

आज चौथ्या मजल्याची बॉल टेस्ट.
ईश्वरभाई वर, मी खाली, टोपली धरून.
ते पाइपात रबरी चेंडू सोडतात,
मी कान लावून ऐकते,
टक, टक, मधेच काही नाही,
त्या काही नाहीत माझा घसा कोरडा,
मग टप्.
पडला की मी पाइपावर मार्करने आकडा घालते,
आणि झुबेर त्याच्या वहीत वेगळा.

सीलिंगवाले जिन्यात बसलेत,
जिप्समच्या शीट भिंतीला टेकवून, बिडी विझवून.
त्यांना हे सगळं आजच झाकायचंय.
वरून ईश्वरभाई, "आव्यो?"
आव्यो.
"गण्यो?"

थांबा म्हटलंय मी त्यांना.
नऊ झाले.